वंशावळ आणि इतिहास

मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट आहे. इयत्ता सातवीला इतिहासाचा तास मी स्वतः घेत असे. एके दिवशी मी मुलांना सांगितले, “उद्या येताना प्रत्येकाने आपापल्या घरची वंशावळ लिहून आणावी. वडीलधाऱ्यांना जितक्या पिढ्यांची नावे ठाऊक असतील, तितकी पुरेत.” दुसऱ्या दिवशी वर्गात मोठी धांदल उडाली. कोणी चार पिढ्यांची नावे आणली होती, कोणी सहा. एका मुलाने तर कापडावर चिकटविलेली एक लांबलचक गुंडाळी आणली होती. तिच्यात चौदा पिढ्या होत्या आणि अगदी वरती, मूळ पुरुषाच्या नावाशेजारी, ढाल-तलवारीचे चित्र काढलेले होते. ती गुंडाळी पाहण्यासाठी सारा वर्ग त्याच्या बाकाभोवती गोळा झाला.

शेवटच्या बाकावर एक मुलगी मात्र रिकाम्या हाताने बसली होती. मी तिला कारण विचारले. ती उठून उभी राहिली आणि खालच्या मानेने म्हणाली, “गुरुजी, आम्हांला वंशावळ नाही. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, वंशावळ मोठ्या लोकांची असते. आपण पोटामागे फिरणारी माणसं.” दोन-तीन मुले हसली. त्यांना मी गप्प केले, परंतु त्या मुलीला एवढेच म्हणालो, “बरे, बस. सर्वांनाच वंशावळ असते असे नाही.”

मुलांनो, माझे ते उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर उमगले. त्या मुलीला त्या दिवशी जे सांगावयास हवे होते, ते आज मी तुम्हांला सांगत आहे.

प्रथम ‘वंशावळ’ या शब्दाचा अर्थ पाहू. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे वेळू, अर्थात बांबू. वेळूला जसे एका पेरातून दुसरे पेर फुटते, तशी एका पिढीतून दुसरी पिढी निघते. म्हणून कुळालाही वंश म्हणू लागले. ‘आवली’ म्हणजे ओळ. कुळातील माणसांची पिढीवार मांडलेली ओळ ती वंशावळ. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी एकेक पायरी चढत आपण जेथवर नावे ठाऊक आहेत तेथवर जातो. कोण कोणाचा मुलगा, कोणाला किती भावंडे, कोणाची शाखा पुढे वाढली आणि कोणाची खुंटली, एवढे वंशावळ सांगते.

‘इतिहास’ हा शब्द ‘इति-ह-आस’ असा फोडतात. ‘असे खरोखर घडले’ हा त्याचा अर्थ. या अर्थातच वंशावळ आणि इतिहास यांतील अंतर दिसून येते. वंशावळ नाव सांगून थांबते. इतिहास त्या नावाला प्रश्न विचारतो. हा मनुष्य कोठे राहत होता? काय करून पोट भरीत होता? त्याने गाव का सोडले? त्याच्या काळी पाऊस पडला की दुष्काळ पडला? राज्य कोणाचे होते? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की हे सारे तुम्ही कशावरून म्हणता? ज्याच्यापाशी या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याच्यापाशी इतिहास आहे. बाकीच्यांपाशी आहेत त्या केवळ नावांच्या याद्या.

आपल्या देशात वंशावळी फार प्राचीन काळापासून जपल्या गेल्या. पुराणांची जी पाच लक्षणे सांगितली आहेत, त्यांपैकी दोन वंशाविषयीच आहेत. एक ‘वंश’ आणि दुसरे ‘वंशानुचरित’. पुढे राजेलोक ताम्रपटांवर दानाची नोंद करताना आपल्या पूर्वजांची नावे कोरवून घेऊ लागले. देवगिरीच्या यादवांचेच उदाहरण घ्या. यादवांच्या पदरी हेमाद्री नावाचा विद्वान अधिकारी तेराव्या शतकात होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथाच्या ‘व्रतखंड’ या भागात यादव राजांची वंशावळ दिली आहे. ती सुरू होते चंद्रापासून! चंद्रापासून यदू, यदूपासून श्रीकृष्ण, असे करीत ती दृढप्रहार नावाच्या राजापर्यंत येते आणि तेथून पुढे सेऊणचंद्र, भिल्लम अशी नावे सांगत देवगिरीच्या राजांना येऊन मिळते.

आता आकाशातला चंद्र कोणाचा पूर्वज असेल काय? पण म्हणून ती सारी वंशावळ फेकून द्यावी काय? डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या थोर पंडितांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी हेमाद्रीची वंशावळ एका हाती घेतली आणि यादवांचे ताम्रपट व शिलालेख दुसऱ्या हाती. दोहोंतील नावे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली. दृढप्रहारापासून पुढची नावे जुळू लागली. कोठे एखादे नाव गळले होते, कोठे क्रम थोडा वेगळा होता, ते ध्यानी आले. अशा रीतीने दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी यादवांचा क्रम लावून दिला. चंद्राचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला राहिला आणि पुराव्याने सिद्ध झालेला भाग इतिहासात आला. धान्य पाखडताना सुपात दाणा राहतो आणि भुसा उडून जातो, तसेच हे आहे. पाखडल्यावाचून दळू नये आणि पारखल्यावाचून लिहू नये.

वंशावळी केवळ राजांच्याच असत असे मात्र नाही. मराठेशाहीत गावोगावी पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे असे वतनदार होते. वतन वडिलांकडून मुलाकडे चाले. त्यामुळे थोरली पाती कोणती आणि धाकटी कोणती, यावरून भाऊबंदांत तंटे लागत. होळीत पहिली पोळी कोणाची पडावी आणि पोळ्याच्या दिवशी पहिला बैल कोणाचा मिरवावा, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. आज आपल्याला याचे हसू येते. पण त्या काळी मानाबरोबर जमीन आणि उत्पन्नही जात असे. असा तंटा उभा राहिला की प्रत्येक पक्ष आपल्या घराण्याची हकीगत लिहून देई. तिला ‘करीना’ म्हणत. मग गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा कागद तयार होई. त्याला ‘महजर’ म्हणत. अशा महजरांवर गावच्या लोकांच्या निशाण्या असत. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपल्या धंद्याची खूण काढावी, असा रिवाज होता. कुणबी नांगराची आकृती काढी, न्हावी आरशाची. त्या नांगरधारी कुणब्याची वंशावळ कोणी लिहिली नसेल. परंतु अमुक साली, अमुक गावी, तो सभेत बसला होता आणि त्याच्या शब्दाला किंमत होती, ही गोष्ट त्या लहानशा आकृतीने कायमची नोंदवून ठेवली आहे.

या वतनी कागदांमुळे आपल्या इतिहासाला केवढी मदत झाली आहे, त्याचे एकच उदाहरण सांगतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला, याविषयी एके काळी मोठा घोळ होता. बखरींच्या आधारे पुष्कळ लोक १६२७ हे वर्ष मानीत. भोरजवळच्या कारी या गावी जेधे देशमुखांचे घराणे आहे. या घराण्यातील कान्होजी जेधे हे महाराजांचे जिवाभावाचे सहकारी. त्यांच्या घरच्या कागदांत घराण्याचा करीना होता, तशीच एक शकावलीही होती. शकावली म्हणजे शकाच्या क्रमाने केलेली घटनांची टिपणे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ही शकावली प्रसिद्ध केली. तीत महाराजांचा जन्म शके १५५१ मध्ये फाल्गुन वद्य तृतीयेला झाल्याची नोंद होती. त्या दिवशी इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते.

एका घरातील कागदावर ही तारीख सापडली, म्हणून ती लगेच सर्वमान्य झाली नाही, हे ध्यानात ठेवा. संशोधकांनी ती कवींद्र परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या ग्रंथाशी ताडून पाहिली. राजस्थानात महाराजांची एक जन्मकुंडली सापडली, तिच्याशीही ताडून पाहिली. वर्षानुवर्षे वाद झाले. आज महाराष्ट्रात १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी होते, तिच्यामागे एका घराण्याने जपलेली टिपणे आणि अनेक अभ्यासकांची चिकाटी उभी आहे. घरातला जुना कागद देशाच्या इतिहासाच्या उपयोगी कसा पडतो, ते यावरून कळेल.

तथापि नाण्याला दुसरी बाजूही आहे. वंशावळ जशी इतिहासाला मदत करते, तशी ती फसवूही शकते. याची कारणे मुख्यतः तीन. पहिले कारण अभिमान. आपला पूर्वज शूर असावा, राजाच्या जवळचा असावा, असे प्रत्येकालाच वाटते; मग वाटता वाटता तो तसा होताच, असे मानले जाते. दुसरे कारण लाभ. ज्या कागदावर जमीन मिळणार असेल, त्या कागदात हवे ते नाव घालण्याचा मोह लोकांना होई. म्हणून तर गोतसभेला साक्षी घ्याव्या लागत. तिसरे कारण अगदी साधे आहे, ते म्हणजे विस्मृती. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे एकच दोन नावे आलटून पालटून येत राहतात आणि लिहिणाऱ्याच्या हातून एखादी पिढी सहज गळते किंवा दोन माणसांचा एक माणूस होऊन जातो.

दगडावर कोरलेले सारेच खरे मानावे, असेही नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा वृत्तान्त मराठी भाषेत कोरविला. हा शिलालेख फार मोठा आहे. तमिळ देशातील एका प्राचीन मंदिरावर आपली मराठी भाषा पाहून मन भरून येते. परंतु शहाजीराजांचा मृत्यू १६६४ साली झाला आणि हा लेख त्यानंतर १३९ वर्षांनी कोरला गेला. म्हणून शहाजीराजांच्या काळाविषयी त्यात जे लिहिले आहे, ते त्या काळच्या पत्रांशी आणि इतर कागदांशी ताडून पाहावेच लागते. दगड टिकाऊ असतो. त्यावरील मजकूर तितकाच भक्कम असेल, असे नाही.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या ओटीवर काचेच्या चौकटीत एक वंशावळ टांगलेली असे. माझ्या आजोबांच्या वर तिच्यात तीन नावे होती. सर्वांत वर मूळ पुरुष. हा मूळ पुरुष १७६१ साली पानिपतावर लढला, घोड्यावरून परत आला आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला आमची शेतजमीन इनाम मिळाली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटे. त्या मुलीला “सर्वांनाच वंशावळ असते असे नाही” असे मी म्हणालो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती काचेची चौकट असावी, हे मला आज लाजेने कबूल केले पाहिजे.

निवृत्त झाल्यावर त्या चौकटीची काच फुटली आणि ती नवी बसविण्यासाठी मी तो कागद बाहेर काढला. सहज मनात हिशेब केला. आजोबांचा जन्म १९०२ सालचा. मूळ पुरुष पानिपताच्या वेळी तीस वर्षांचा धरला, तर त्याचा जन्म १७३१ सालचा. दोघांत अंतर १७१ वर्षांचे आणि मधल्या पायऱ्या अवघ्या तीन! म्हणजे प्रत्येक पायरीला ५७ वर्षे. एका पिढीचे अंतर साधारणतः पंचवीस ते तीस वर्षांचे असते, हे मी जन्मभर वर्गात शिकविले. पण घरच्या भिंतीवरचा हा सोपा हिशेब करण्याचे मला कधी सुचले नाही. कोठेतरी चूक होती, हे उघड होते.

मग मी शोधाला लागलो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी अशा क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या असतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. यात्रेकरू आला की त्याचे गाव, त्याच्या वाडवडिलांची व भावंडांची नावे आणि येण्याची तिथी त्या वहीत लिहून ठेवतात. नाशिकला आमच्या घराण्याची वही सापडली. जुनी पाने मोडी लिपीत होती. मला मोडी वाचता येते. एका पानावर शके १७९९ ची, म्हणजे १८७७ सालची, नोंद होती. एक स्त्री आपल्या नवऱ्याच्या अस्थी घेऊन गोदावरीवर आली होती. तिच्याबरोबर सात आणि चार वर्षांचे दोन मुलगे होते. मुलांची, नवऱ्याची आणि सासऱ्याची नावे आमच्या वंशावळीशी तंतोतंत जुळत होती. त्यातला सासरा हाच आमचा ‘मूळ पुरुष’ आणि सात वर्षांचा मुलगा हे माझे पणजोबा. मूळ गाव माणदेशातले होते. आणि त्यापुढे सध्याचे ठिकाण म्हणून दुष्काळी कामाची जागा लिहिली होती. खाली त्या स्त्रीच्या अंगठ्याची निशाणी होती.

वही एवढेच सांगते. पुढचे मी पुराव्याने आणि अनुमानाने जुळविले; आणि पुरावा कोठे संपतो व अनुमान कोठे सुरू होते, तेही तुम्हांला सांगतो. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता आणि साताऱ्याच्या पूर्वेकडील कोरड्या मुलखाला त्याची मोठी झळ लागली होती, हा पुरावा. सरकारने दुष्काळी कामे काढली होती आणि त्यांवर हजारो स्त्री-पुरुष खडी फोडण्याचे व माती वाहण्याचे काम करीत होते, हाही पुरावा. आमच्या घरच्या पेटीत १९०६ सालचे एक खरेदीखत निघाले. त्यावरून आमची जमीन इनामाची नसून माझ्या पणजोबांनी पैसे देऊन विकत घेतली होती, हे सिद्ध झाले. त्या स्त्रीने खडी फोडून ती दोन मुले जगविली, हे माझे अनुमान. हे अनुमान मला बळकट वाटते. कारण दुष्काळी कामावर मजुरी केल्यावाचून धान्य मिळत नसे आणि ती मुले जगली नसती, तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

मुलांनो, खरे सांगायचे तर प्रथम मला वाईट वाटले. पानिपताचा घोडेस्वार गेला, इनाम गेले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी विचार करू लागलो. जो घोडेस्वार कधी नव्हताच, त्याचे चित्र आम्ही चार पिढ्या मिरविले. आणि जिने आम्हांला मरणाच्या दाढेतून ओढून काढले, तिचे नाव आमच्या वंशावळीत कोठेही नाही! तिचा नवरा तीत आहे, सासरा आहे, मुलगे आहेत. तिच्यासाठी मात्र त्या कागदावर जागाच ठेवलेली नाही.

असे केवळ आमच्याच घरी घडले असे समजू नका. बहुतेक जुन्या वंशावळींत लेकी-सुनांची नावे नसतात. वास्तविक आपल्या महाराष्ट्रात याहून जुनी आणि उदार अशीही एक रीत होती. दोन हजार वर्षांपूर्वी येथे राज्य करणारे सातवाहन राजे आपल्या मातेच्या गोत्रनामावरून ‘गौतमीपुत्र’, ‘वासिष्ठीपुत्र’ असे म्हणवून घेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचे वर्णन आपल्याला त्या लेखातूनच मिळते. नाणेघाटातील लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. ही रीत पुढे लोपली. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात प्रथम आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहावे, असा नियम महाराष्ट्र शासनाने केला आहे. हे फार बरे झाले. उद्याच्या वंशावळी लिहिणाऱ्यांना तरी आजच्या आया शोधाव्या लागणार नाहीत.

वंशाच्या अभिमानाविषयी आणखी एक गोष्ट गणितानेच सांगतो. तुम्हांला आई-वडील मिळून दोन माणसे. त्यांचे आई-वडील चार. त्यांच्या वरचे आठ. असे दुप्पट करीत जा. दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वज होतात. दहा पिढ्यांची वंशावळ त्या पिढीतील एकाच माणसाचे नाव लिहिते आणि उरलेल्या १,०२३ जणांना सोडून देते. पुढे चला. तिसाव्या पिढीत हा आकडा १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ एवढा होतो. एका पिढीला पंचवीस वर्षे धरली, तर तीस पिढ्यांपूर्वीचा काळ म्हणजे साधारणतः ज्ञानेश्वर महाराजांचा काळ. त्या वेळी साऱ्या पृथ्वीवर मिळून याच्या निम्मीही माणसे नव्हती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मग एवढे पूर्वज आले कोठून? याचा उलगडा एकच. तीच ती माणसे आपल्या वंशात अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. आणि जी माझ्या वंशात येतात, तीच तुमच्याही वंशात येतात. आपण मागे मागे जाऊ लागलो की आपल्या वाटा एकमेकींना येऊन मिळतात. मग कोणाचे कूळ उंच आणि कोणाचे नीच? कापडाच्या गुंडाळीवर चौदा नावे असलेला तो मुलगा आणि शेवटच्या बाकावरची ती मुलगी यांचे पूर्वज कोठेतरी एकच असणार.

म्हणून माझे मत असे आहे, की वंशावळ जरूर जपावी. मात्र तिला पूजेत न ठेवता तिचा अभ्यास करावा. वंशावळ ही इतिहासाच्या दरबारातील एक साक्षीदार आहे. तिची साक्ष ऐकावी, उलटतपासणी करावी आणि मगच निकाल द्यावा. ज्या घराला लिहिलेली वंशावळ नाही, त्या घराला इतिहास नाही, असे मात्र कधीही म्हणू नये. पूर्वजांवाचून कोणीच जन्माला येत नाही. लिहिण्याची संधी काहींनाच मिळाली. जगण्याचे कष्ट मात्र सर्वांच्याच वाट्याला आले.

तुम्हांला हा अभ्यास करावयाचा असेल, तर आजपासूनच सुरुवात करा. प्रथम आजीजवळ बसा. लग्नापूर्वी तिचे नाव काय होते, तिचे माहेर कोणते, तिच्या आईचे नाव काय, हे विचारा. घर केव्हा बांधले, गाव केव्हा सोडले, दुष्काळ, पूर, रोगाची साथ यांपैकी तिला काय आठवते, तेही विचारा. जे लिहाल त्याखाली सांगणाराचे नाव आणि तारीख घाला. आजोबा एक सांगतील आणि आत्या दुसरे सांगेल, दोन्ही लिहा. जे नाव सापडणार नाही, तेथे जागा मोकळी सोडा; कल्पनेने ती भरू नका. मोकळी जागा पुढच्या माणसाला शोध करावयास लावते, खोटे नाव त्याची वाटच बंद करते.

आमच्या ओटीवर आता नवी वंशावळ आहे. ढाल-तलवार तीत नाही. वहीत सापडलेल्या त्या माझ्या खापरपणजीचे नाव मी तीत सर्वांत वर लिहिले आहे. ते नाव मी तुम्हांला मुद्दाम सांगत नाही. तुमच्या घराण्यातही अशी एखादी स्त्री असेल. तिचे नाव शोधून काढणे हे तुमचे काम आहे.

ती शेवटच्या बाकावरची मुलगी आता मोठी झाली असेल. ती मला पुन्हा भेटली, तर मी तिला म्हणेन, “मुली, तुझ्या आजीने वंशावळ नाही असे सांगितले खरे, पण ‘पोटामागे फिरणारी माणसं’ या तीन शब्दांत तिने तुमच्या घराण्याचा इतिहासच सांगितला होता. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला, कोणत्या साली आणि कशासाठी, एवढेच मी तुला विचारावयास हवे होते. त्या चौदा पिढ्यांच्या गुंडाळीपेक्षा तुझे उत्तर त्या दिवशी इतिहासाच्या अधिक जवळ होते. आणि ते मला, तुझ्या गुरुजींना, ओळखता आले नाही.”

स्वाध्याय

१. वंशावळ आणि इतिहास यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?

२. डॉ. भांडारकरांनी यादवांचा क्रम कसा लावला, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. ‘पानिपतावर लढलेला मूळ पुरुष’ ही गोष्ट खरी नाही, हे लेखकाने कोणकोणत्या पुराव्यांनी ठरविले?

४. ‘मोकळी जागा पुढच्या माणसाला शोध करावयास लावते, खोटे नाव त्याची वाटच बंद करते,’ या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत सांगा.

५. आपल्या आजीला किंवा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला प्रश्न विचारून घराची हकीगत एक पानभर लिहा. तीत निदान तीन स्त्रियांची नावे यावीत.